दुरुस्ती प्रलंबित

पावती क्रमांक बावीस माझ्या हातची.
दसरू गवळी, ढोरं एकेचाळीस,
बंद कुरणात अवैध चराई, दंड रुपये पाचशे.
त्यानं कमरेच्या कशातून नोटा काढल्या,
त्यांना दुधाचा वास होता.
त्याचं म्हणणं काय, असा रकाना पावतीत नसतो.

तीन वर्षं झाली होती बरडीला तार घालून.
पाटीवर लिहिलेलं: गवत वाढू द्या.
वाढलं.
पहिल्या वर्षी कमरेइतकं,
साहेबांनी त्यात उभं राहून फोटो काढला.
दुसऱ्या वर्षी तेच वाळून उभं,
तिसऱ्या वर्षी राखाडी,
शेवटची एसटी चुकलेल्या म्हाताऱ्यांसारखं,
बसतही नव्हतं, जातही नव्हतं.
दोन्ही हातांनी फाकवून पाहिलं तर बुडाशी नवे कोंब,
टोपल्याखाली झाकलेल्या भुजल्यांसारखे पिवळे.
रजिस्टरमध्ये मी लिहिलं, स्थिती उत्तम.
मागच्या पानावरही तेच होतं.

भादव्यात ईशान्येच्या कोपऱ्यात तार तुटली.
कुणी तोडली ते बगळीच्या मानेवर लिहिलेलं होतं,
पांढऱ्या कातडीवर लाल रेघ.
दोन दिवस एकेचाळीस ढोरं त्या तुकड्यात,
दसरू त्यांना फाकू देईना,
दाटीनं चारली.
पवन्या गेला, मारवेल गेली,
जे तोंडात गेलं नाही ते पायाखाली आडवं झालं.

मी पोचले तेव्हा तिथं शेण, चिखल आणि खुरं.
माळ भादरून टाकला तुम्ही, म्हटलं.
"भादरला बाई. मारला नाई."
काठीनं त्यानं एक खूर दाखवला,
त्यात वाटीभर पाणी, पाण्यात कुसळाचं बी.
"तोंडानं गवत मरत नाई. मुक्कामानं मरते."

मग गावचा ई-क्लास? मी सोडलं नाही.
तिथं तर रोज तुमचीच ढोरं. काय उरलं? मुरूम.
तो बराच वेळ बोलला नाही.
बगळीनं शेपटीनं माशी मारली, ती माझ्या गालावर बसली.
"तिथं फिरायले जागा उरली काय?
अर्ध्यावर वहिती, अर्ध्यावर गोदाम.
एकाच ताटात रोज जेवलं तं ताटबी झिजते.
ढोराले पाय हायेत बाई, जागा नाई."
मग खिशातली सुतळी काढून त्यानं एक गाठ मारली.
दोन पुनवा जाईस्तोवर या तुकड्यावर खूर नाही, म्हणाला.
सुतळीवर आधीच्या गाठी होत्या.
कुठल्या जागांच्या, मी विचारलं नाही.

पावती फाडली. नियम आहे.

दिवाळीच्या आदल्या दिवशी गस्तीला गेले.
तारेच्या आत राखाडी, वाऱ्यानं खडखडत.
आणि त्या कोपऱ्यात
पोटरीइतकं हिरवं,
शेणाच्या पवट्या आतून पोखरलेल्या,
बोटानं उकरली तर माती भाकरीच्या काल्यासारखी सुटी.
पायाजवळून लाव्यांची जोडी उडाली,
छाती धडधडली, एकटीच हसले.
तीन वर्षांत लाव्या कधी दिसल्याची नोंद नाही,
पण मी तरी कुठं वाकून पाहिलं होतं.

सगळ्याच कुरणांना हे लागू पडेल असं मी म्हणत नाही.
मला एक कोपरा माहीत आहे.
दसरूला कदाचित नऊ.

त्या रात्री अहवाल लिहिला.
लाव्या लिहिल्या. कोंब लिहिले, मग खोडले,
कारण कोंब कसे आले हे लिहावं लागलं असतं.
शेवटच्या ओळीत लिहिलं:
ईशान्य कोपरा, तार तुटलेली.
दुरुस्ती प्रलंबित.

पक्कड पिशवीतच होती.